मानाचं मुंडकं

आपल्या स्वतःच्या भिंतीला, आपल्या स्वतःच्या हातोड्याने, आपल्या स्वतःच्या बायकोसाठी एक खिडकी पाडायची, यात सरकारचा संबंध येतोच कुठे, असं मला वाटत होतं. मी भोळा आहे, असं शाइमेर्देन-आगा म्हणतात. ते माझे शेजारी. उभी हयात त्यांनी सीमेवरच्या जकात नाक्यावर काढली. त्यांच्या लेखी मी भोळा, माझी बायको भोळी, आणि दूध सांडलं की चाटायच्या आधी आमच्या तोंडाकडे बघतं म्हणून आमचं मांजरही भोळं.

खिडकी हवी होती कुल्याशला. माझ्या बायकोने शाळेच्या उपाहारगृहात जन्मभर सामसे, म्हणजे आमच्याकडचे मटण भरलेले समोसे, भट्टीत भाजले. मी त्याच शाळेत पदार्थविज्ञान आणि खगोलशास्त्र शिकवायचो. मुलं माझा तास बुडवून तिच्या भट्टीपुढे रांग लावायची, आणि संध्याकाळी घरी दोघांपैकी कुणाचं शिकवणं मुलांच्या पोटात जास्त गेलं यावर आमची भांडणं व्हायची. मग एक दिवस उपाहारगृहाचं कंत्राट निघालं. रीतसर जाहिरात, रीतसर लिफाफे, आणि अगदी रीतसर ते हेडमास्तरांच्या मेव्हण्याला मिळालं. त्याने भट्टी मोडली, पाकिटातले वेफर्स आणले आणि कुल्याशला एक फुलांचा गुच्छ देऊन घरी पाठवलं. ती रडलीबिडली नाही. अंगणात स्वतःच्या हाताने नवी भट्टी लिंपली आणि मला म्हणाली,

"म्हातारबा, रस्त्याकडच्या भिंतीत मला एक खिडकी पाडून द्या. जन्मात तुमच्याकडे काही मागितलं नाही मी."

हे खरं नव्हतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

"थंडीच्या आत खिडकी झाली तर झाली," ती पुढे म्हणाली. "पुढच्या वर्षी मी नाही करायची. हात दुखतात आता. आणि घरी बसून तुमचं तोंड बघायला मी काही म्हातारी नाही झालेय."

मी पदार्थविज्ञानाचा माणूस. भिंतीवर खडूने सुरेख चौकोन आखला, बलाची दिशा ठरवली, हातोडा उचलला आणि पहिला घाव घातला. चौकोन जिथल्या तिथे राहिला, त्याच्या बाजूची भिंत पडली. दुसऱ्या घावाला चौकोनही गेला. धूळ खाली बसली तेव्हा आमच्या अंगणातून रस्ता, रस्त्यापलीकडची बिबिगुल, तिची दोरीवरची चादर आणि चादरीआडचा तिचा नवरा असं सगळं स्पष्ट दिसत होतं. खिडकी म्हणावी तर मोठी, दार म्हणावं तर उंच. कुल्याश काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मला जास्त लागतं.

धूळ आत येऊ नये म्हणून मी त्या भोकावर शाळेतला सूर्यमालेचा तक्ता टांगला. निवृत्त होताना शाळेने मला तेवढाच दिला होता. तर त्याच दुपारी तक्त्यावरचा शनी वर उचलला गेला आणि त्याखालून शाइमेर्देन-आगांचं डोकं आत आलं.

"परवानगी काढलीस?"

"कसली?"

"भोकाची."

"माझी भिंत आहे, आगा."

"भिंत तुझी. भोक सरकारचं," आगा म्हणाले आणि शनी खाली सोडून निघून गेले.

आठवडा गेला नाही तोच कचेरीची नोटीस आली: विनापरवाना भोक पाडल्याबद्दल भिंत पूर्ववत करावी, किंवा महिन्याच्या आत परवानगी घ्यावी, अन्यथा भिंत सरकारी खर्चाने बांधून अंगणातली भट्टी जमीनदोस्त करण्यात येईल. माझं सोडा, हे वाचून कुल्याशने भट्टीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. मी कोट घातला, पदकं लावली आणि कचेरीत गेलो.

आता मला सांगायला हवं की तोवर मी या कचेरीबद्दल वाईटच ऐकून होतो. लोक म्हणायचे, तिथे खातात. मी तीन जिने चढलो आणि माझं मत बदललं. नुसतं 'खातात' म्हणणं म्हणजे त्या माणसांच्या कलेचा अपमान आहे!

बांधकाम खात्याचा प्रमुख झोल्दास. माझाच विद्यार्थी. तोंडी परीक्षेत 'चंद्र म्हणजे काय' विचारल्यावर 'रात्रीचा सूर्य' म्हणाला होता. मला बघताच उठून उभा राहिला, दोन्ही हातांत माझा हात घेतला.

"अगाय! तुम्ही कशाला आलात? निरोप धाडायचा!"

शाळा सुटून कितीही वर्षं होवोत, मास्तर हा जन्मभर अगायच. मला भरून आलं.

"सही आत्ता करतो, अगाय. पेन उघडलंच आहे, बघा. फक्त अग्निशमनवाल्यांचा कागद आणा."

अग्निशमनवाला कुआनिश वरच्या मजल्यावर. तोही उठून उभा राहिला, त्यानेही पेन उघडलं. फक्त आरोग्याचा कागद हवा होता. आरोग्य अधिकारी राउझाबाई त्याच्याही वर. त्यांनी मला चहा दिला, कुल्याशच्या सामशांची आठवण काढली, पेन उघडलं, आणि फक्त बांधकामाचा कागद मागितला.

मी जिन्यात उभा राहिलो. कुणी नाही म्हटलं नव्हतं. कुणी काही मागितलं नव्हतं. तिघंही हसतमुख, तिघांचीही पेनं उघडी, आणि माझा कागद प्रलय होईपर्यंत या तीन मजल्यांवर फिरत राहिला असता. दोष द्यायचा तरी कुणाला? मी आपली टोपी काढली आणि त्या जिन्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसऱ्या खेपेला कुआनिशला माझी दया आली. "अगाय, निदान लाल नळकांडं तरी घेऊन ठेवा. आग विझवायचं. त्याशिवाय माझं खातं तुमचा कागद हातातच घेत नाही. खाली तळमजल्यावर दुकान आहे."

दुकान त्याच्या मेव्हण्याचं. या गावात मेव्हणे नसते तर उद्योगधंदे बुडालेच असते. मी नळकांडं विकत घेतलं. किंमत सांगत नाही. त्यात एक मेंढी आली असती. नळकांड्याच्या पोटाला एक पोचा होता आणि बुडाशी हिरव्या रंगाचा शिंतोडा. कुल्याशने ते हातात घेऊन कानाशी हलवलं.

"आत खडा वाजतोय," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी एक माणूस येऊन ते 'भरायला' म्हणून घेऊन गेला. पावतीही दिली. पुढच्या आठवड्यात मी केस कापायला गेलो तर न्हाव्याच्या आरशाशेजारी लाल नळकांडं. पोटाला पोचा, बुडाशी हिरवा शिंतोडा. त्यानंतर औषधांच्या दुकानात तेच. मग लग्नाच्या हॉलमध्ये. मग मी मुद्दाम हिंडून बघितलं. गावातला प्रत्येक दुकानदार ते विकत घेऊन चुकला होता, प्रत्येकाकडे पावती होती, आणि एकच नळकांडं अख्ख्या गावाला पुरत होतं. झिजत नव्हतं, संपत नव्हतं. माझा जन्म ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम फळ्यावर लिहिण्यात गेला; तो इतका स्वच्छ सिद्ध झालेला मी प्रथमच पाहिला.

"राग नाही येत तुम्हाला?" कुल्याशने विचारलं.

"येतो. पण आधी आश्चर्य वाटतं. ते ओसरलं की राग येईल."

"थंडी त्याच्या आधी येईल," ती म्हणाली.

तर शनी वर झाला आणि शाइमेर्देन-आगा आत आले. यावेळी त्यांच्यासोबत गुरूच्या बाजूने बिबिगुलही आली. भोक पडल्यापासून आमच्या घरात दारातून कुणी येतच नव्हतं.

"पाकीट दे," बिबिगुल म्हणाली. "सरळ पाकीट. माझ्या दिराने दिलं."

"मी लाच देणार नाही," मी ताठ होऊन म्हणालो.

"पण मागितलीय कुणी?" आगा म्हणाले, आणि माझा ताठपणा हवेतच राहिला. "हे बघ, सागिंदिक. पाकीट द्यायचे दिवस गेले. आता पाकीट घेणारा घाबरतो आणि देणाराही फसतो. तू त्यांच्याकडे जाऊ नकोस. त्यांना तुझ्याकडे आण. मेंढी काप. जेवू घालणं हा काही गुन्हा नाही, आणि जेवायला बोलावलेलं कुणी टाळत नाही. तिघंही एका दस्तरखानावर, एकाच पंगतीत, बसली की कोण कुणाच्या सहीची वाट बघणार? हात धुवायच्या आधी सह्या!"

मी थक्क झालो. इतकं साधं! कुल्याशने मात्र कपाळाला आठी घातली.

"मेंढी कापाल. मुंडकं कुणाला द्याल?"

मेंढीचं उकडलेलं मुंडकं पंगतीतल्या सर्वांत मोठ्या माणसापुढे ठेवायचं असतं. ते चुकीच्या माणसापुढे गेलं, तर उरलेले जेवतात, ढेकर देतात आणि तुमच्या सात पिढ्यांना क्षमा करत नाहीत.

"खुर्चीने मोठा झोल्दास," मी म्हणालो.

"खुर्ची काय चाटायचीय?" बिबिगुल उसळली. "राउझाबाई अकीमसाहेबांच्या बायकोची मावसबहीण आहे." अकीमसाहेब म्हणजे आमच्या गावातली सगळ्यांत वरची खुर्ची.

आगा नुसते हसले. "तुम्ही दोघंही लेकरं आहात. मोठा ओस्पान."

"ओस्पान? अकीमसाहेबांचा ड्रायव्हर?"

"कुठलाही कागद वर जायचा तर कशातून जातो? गाडीतून. गाडी कोण चालवतं? झोल्दास त्याला वाकून सलाम करतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. ओस्पानला नाही बोलावलंस तर बाकीच्यांना बोलावून उपयोग नाही."

मग ओस्पानलाही बोलावणं गेलं. पण मुंडक्याचा निकाल काही लागेना. रस्त्याने जाणारे येणारे भोकापाशी थांबून मत देऊ लागले. आमच्या गावात निवडणुकीला इतकं मतदान कधी झालं नव्हतं, आणि इतक्या तळमळीने तर नाहीच. शेवटी असं ठरलं की पाहुणे आल्यावर मानाच्या जागी कोण बसतं ते बघायचं. ते लोक आपापसांत सगळं जाणतात. जो दारासमोरच्या भिंतीपाशी, सगळ्यांत आत जाऊन बसेल त्याच्यापुढे मुंडकं ठेवून मोकळं व्हायचं.

जेवणाच्या दिवशी सकाळी कुल्याश पीठ लाटत होती, मी मुंडकं भाजून खरवडत होतो, आणि टीव्हीवर आमचे अकीमसाहेब दिसले. दोन माणसं त्यांना मोटारीत बसवत होती. एकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता, मोटारीचं छत लागू नये म्हणून. राजधानीतून चौकशी आली होती. विषय होता गावाबाहेरचं क्रीडांगण, ज्याचं गवत दरवर्षी नव्याने पेरलं गेलं होतं आणि जिथे आम्ही गेलो की आम्हाला नुसते दगड दिसायचे. मला वाटायचं, माझे डोळे गेले. बातमीत रक्कम सांगितली. मी सुरी खाली ठेवली. तारकांमधली अंतरं मी शिकवली आहेत, मोठ्या आकड्यांना मी घाबरत नाही. पण तो आकडा ऐकून मला उगाचच अंगणात जाऊन वर बघावंसं वाटलं.

"आता कोण येतंय जेवायला!" कुल्याश म्हणाली आणि लाटणं बाजूला ठेवलं.

पण आले! सगळे आले. मागाहून शाइमेर्देन-आगांनी समजावलं की अशा दिवशी न येणंच धोक्याचं. कोण आलं नाही हेच लोक बघतात. चौघंही आपापल्या मोटारी लांब कुठेतरी सोडून पायी आले होते. राउझाबाईंनी रुमाल कपाळावर इतका ओढला होता की कुल्याशने त्यांना आधी मटणवाल्याची आई समजून मागच्या दाराने यायला सांगितलं, आणि बाई निमूट मागच्या दाराने आल्या.

"या, या, वर बसा," मी मानाच्या जागेकडे हात केला.

कुणी हलेना. झोल्दास दारापाशी, जोड्यांच्या शेजारीच टेकला. "इथे हवा छान येते, अगाय." कुआनिश त्याच्याही मागे सरकला. राउझाबाई चहाच्या समोवारापाशी जाऊन कुल्याशला कप विसळून देऊ लागल्या. आणि ओस्पान तर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. एवढी माझी मोठी बैठकीची खोली, नवा गालिचा, रेशमी गाद्या, आणि गावातली सगळी सत्ता दाराजवळ जोड्यांमध्ये गर्दी करून बसलेली. मानाची जागा रिकामी. तिथे आमचं मांजर जाऊन झोपलं.

आता निकाल कसा लावायचा? मी मनाशी म्हटलं, खुर्ची ती खुर्ची. मुंडक्याची परात दोन्ही हातांनी उचलली आणि झोल्दासपुढे ठेवली.

झोल्दास असा दचकला की मागचा कुआनिश उंबऱ्यावर आपटला.

"नको, नको, अगाय! मला कसं चालेल? माझे वडील हयात आहेत."

ज्याचा बाप जिवंत आहे त्याने मुंडक्याला हात लावायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यामुळे सबब बिनतोड होती. अडचण एवढीच की त्याच्या वडिलांच्या कबरीवर गेल्याच वर्षी मी माझ्या हाताने माती लोटली होती, आणि तेराव्यासारखं आमच्याकडे जे चाळिसाव्या दिवसाचं जेवण असतं, त्यात याच कुआनिशने माझ्या शेजारी बसून घोड्याच्या मटणाची दोन ताटं संपवली होती.

"असं का," मी कसंबसं म्हणालो. "कसे आहेत वडील?"

"शांत आहेत," झोल्दास म्हणाला.

"असतात कुठे हल्ली?"

"गावाबाहेर."

त्यात खोटं काहीच नव्हतं. मी परात कुआनिशपुढे सरकवली.

"माझे वडील हयात आहेतच," कुआनिश घाईघाईने म्हणाला, "आणि आजोबासुद्धा!"

"मी बाई माणूस," राउझाबाई समोवारामागून म्हणाल्या. "बायकांना कुठे मुंडकं देतात?" दरवर्षी महिला दिनाला समान हक्कांवर याच बाईंचं भाषण होतं, आणि ते ऐकून कुल्याश दरवर्षी टाळ्या वाजवते.

उरला ओस्पान. मी परात घेऊन उंबऱ्याकडे वळलो, तर तो अंगणात दोन पावलं मागे गेला. "अगाय, मी ड्रायव्हर! मला कुणी विचारत नाही. सांगतील तिकडे चाक फिरवतो. मी खरं तर बाहेरच जेवणार होतो."

"पण ओस्पान, तुझ्यापेक्षा मोठं..." झोल्दास म्हणाला.

"मी मोठा? तुमच्या सहीशिवाय वीट हलत नाही गावात!"

"माझी सही? माझी सही तर शेवटची. पहिली कुआनिशची!"

"मी नळकांडी बघतो फक्त!" कुआनिश ओरडला. "नळकांडी!"

मी मध्ये परात धरून उभा. मुंडकं माझ्या हातांत गार होत होतं, चरबी थिजत होती, आणि मी, खरं सांगतो, भारावून गेलो होतो. इतकी वर्षं या गावावर कुणीतरी राज्य करत होतं, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आम्ही त्यांना वाट देत होतो. आणि आज बघावं तर राज्य करणारा कुणीच नाही! सगळे धाकटे! भोकावरचा तक्ता हलत होता. गुरू, शनी आणि पृथ्वीखालीसुद्धा शेजाऱ्यांचे डोळे होते.

कुल्याश स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाने भरलेले, चेहरा भट्टीच्या धगीने लाल.

"पहाटेपासून राबतेय मी," ती म्हणाली. आवाज चढवलाच नव्हता. "तुमच्यात मोठा कुणीच नाही? मग इतके दिवस माझा म्हातारा कोट घालून कुणाच्या दारात उभा होता? ही भट्टी कोण पाडणार होतं? ओस्पान, तू? झोल्दास, तू पाडणार होतास? शाळेत माझ्याकडे उधारीवर सामसे खायचास तू. तुझी आई आजारी होती तेव्हा घरी न्यायलाही द्यायचे मी. आठवतं?"

झोल्दासने मान खाली घातली. त्याचे कान लाल झाले, शाळेत व्हायचे तसेच.

"आठवतं, अपाय," तो पुटपुटला. मास्तरला अगाय म्हणतात, तसं शाळेतल्या बाईला अपाय.

कुल्याशने डोळे पुसले, पीठ गालाला लागलं. मग ती माझ्याकडे वळली.

"तुमचे वडील?"

"माझे? अगं, तुला माहीत..."

"मोठ्याने सांगा."

"वारले," मी मोठ्याने म्हणालो. "कधीच वारले."

"मग बसा तिकडे वर, आणि घ्या मुंडकं. या घरात एक तरी माणूस कबूल करतोय की त्याचा बाप मेलाय."

यजमानाने स्वतःच्याच पंगतीत मुंडकं घ्यायचं, हे मी ना कधी पाहिलं होतं ना ऐकलं होतं. पण बायको तशी उभी असताना रीतभात कुणाला आठवते? मी मांजराला उठवलं, मानाच्या जागी बसलो, सुरी घेतली. मग हात आपोआप चालू लागले. उजवा कान कापून ओस्पानला दिला, डावा कुआनिशला. तरण्या माणसांना कान द्यायचा असतो आणि सोबत दोन शब्द बोलायचे असतात, माझे वडील बोलायचे तेच मी बोललो, "घे, नीट ऐकत जा."

ओस्पानने तो कान दोन्ही हातांत घेतला. "ऐकेन, अगाय," म्हणाला. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की खोलीतलं काहीतरी बदललंय. चौघंही माझ्याकडे बघत होते, आणि ज्या नजरेने मी त्या कचेरीच्या जिन्याकडे बघितलं होतं, नेमक्या त्याच नजरेने. अशा दिवशी, अकीमसाहेबांना नेलं त्याच दिवशी, हा माणूस सगळ्यांदेखत मानाच्या जागी बसतो, मुंडकं घेतो, कान वाटतो! कुणाच्या जिवावर?

जेवताना कुणी हाडसुद्धा वाजवलं नाही. शेवटी मी तळवे उघडून आशीर्वाद दिला, की या घराची खिडकी उघडो आणि भट्टी तापती राहो. सगळ्यांनी एकदम "आमीन" म्हणून तोंडावरून हात फिरवले. झोल्दासने दोनदा फिरवले.

ऊन उतरायच्या आत तिन्ही कागद घरी आले. ओस्पान स्वतः घेऊन आला, उंबऱ्यावर जोडे काढून. तिन्ही सह्यांवर एकच तारीख, त्यामुळे पहिली कुणाची हे देवालाही सांगता येऊ नये. मागोमाग कुआनिश आला, खांद्यावर लाल नळकांडं. भट्टीशेजारी खिळा ठोकून त्याने ते स्वतःच्या हाताने टांगलं. पोटाला पोचा, बुडाशी हिरवा शिंतोडा.

"भरलंय, अगाय. काठोकाठ. आता हे इथून हलायचं नाही."

आणि ते हललं नाही. त्यामुळे गावातल्या बाकी दुकानांची अग्निशमन तपासणी त्या दिवसापासून बंद आहे.

थंडीच्या आत खिडकी उघडली. सुताराने चौकट बसवली, तीही वाकडी. माझ्या भोकात सरळ चौकट बसतच नाही. पहिल्या सकाळी रांग न्हाव्याच्या दुकानापर्यंत गेली. झोल्दास रांगेत उभा राहिला, पैसे मोजून दिले, आणि शाळेतली उधारीही द्यायला लागला. कुल्याशने ती घेतली नाही. "ती आईसाठी होती," म्हणाली. तो सामसा हातात धरून बराच वेळ तिथेच उभा होता, आणि मागचे लोक ओरडले तेव्हा हलला.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखी माणूस असतो. पण शाइमेर्देन-आगा आले. दारातून आले! टोपी हातात.

"सागिंदिक, इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोस. कधी बोलला नाहीस."

"काय बोललो नाही?"

"राजधानीत तुझं कोण आहे?"

"आगा, कुणी नाही हो! बायको रागावली म्हणून मी मुंडकं घेतलं."

आगांनी माझ्याकडे अशा कौतुकाने पाहिलं की मला लाज वाटली. "जकात नाक्यावर आयुष्य गेलं माझं," ते म्हणाले. "इतकं सफाईने खोटं बोलणारा माणूस पाहिला नाही. मी तुला भोळा समजत होतो!"

मग लोक येऊ लागले. बिबिगुल दिराच्या जमिनीसाठी आली. हेडमास्तर मेव्हण्यासाठी आले. न्हावी नळकांडं काही तासांपुरतं मिळेल का विचारायला आला. नव्या अकीमसाहेबांनी पहिल्याच आठवड्यात मला सलाम पाठवला. मी रस्त्याने निघालो की माणसं बाजूला होऊन उभी राहतात. चाळीस वर्षं मी या गावात खरं शिकवलं, मुलांना पृथ्वी फिरते हे पटवलं, कुणाकडून एक कोंबडी घेतली नाही, तेव्हा कुणी बाजूला झालं नव्हतं. आता लाच न देता एक खिडकी मिळवली, तर अख्ख्या गावाची खात्री पटली की माझ्याएवढी मोठी लाच आजवर कुणी दिलेली नाही. मी प्रत्येकाला खरं सांगतो. वडिलांची शपथ घेऊन सांगतो. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि एक डोळा मिचकावतात.

"समजलं, अगाय, समजलं," न्हावी म्हणाला. "तुमचेही वडील हयात आहेत."

गावात हल्ली असंच म्हणतात.

परवा सकाळी भट्टी तापत होती. आम्ही रात्री खिडकीवर अजूनही तो तक्ताच सोडतो. तो अजून वर गुंडाळलेला नव्हता. बाहेर रांगेची कुजबुज चालली होती. कुल्याशने पहिला सामसा काढला, माझ्या हातात दिला आणि शेजारी बसली.

"म्हातारबा, एक विचारू?"

"विचार."

"खरं सांगा. तुमचं वर आहे कुणी?"

मी सामसा खाली ठेवला. सगळं गाव एकीकडे, पण हिने? त्या दिवशी हिनेच तर मला वर बसवलं होतं! "कुल्याश, तू तिथे होतीस! तूच म्हणालीस, मुंडकं घ्या. माझं कुणी नाही गं. ना राजधानीत, ना कुठे. तुझ्याशिवाय मला या जगात कुणी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. संसाराच्या इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे इतक्या आदराने कधी पाहिलं नव्हतं. मग तिने तक्त्याकडे एकवार नजर टाकली, पुढे वाकून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली,

"असू दे. नका सांगू. भिंतीला भोक आहे."